मी ड्यूटी, सातपूरच्या भट्टीखात्यातली

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. जुनी छत्री, जुने झाड, फुटकी पाटी यांच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील. शब्दाची ऐकली नसेल. शब्दाला हात ना पाय, त्याला काय झिजायचे आहे, असे तुम्हाला वाटेल. पण रोज हजारो तोंडांतून जा-ये केली की शब्दही झिजतो, आणि मी तर लोकांच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा कामावर असते. माझे नाव ड्यूटी. मी फार दमले आहे, तरी सांगते.

माझे मूळ घराणे लॅटिन भाषेतले. तिथे 'देबेरे' नावाचे एक क्रियापद होते, ते माझे आजोबा. त्यांच्या नावाचे दोन तुकडे होतात. पहिल्याचा अर्थ 'कडून' आणि दुसऱ्याचा 'जवळ असणे'. दुसऱ्या कुणाकडून आलेले काहीतरी आपल्याजवळ असणे, आणि म्हणून ते पोचते करणे आपल्याला भाग असणे, असा आजोबांचा सगळा अर्थ. फ्रान्सात गेल्यावर घराण्याचे नाव बदलले. पुढे फ्रेंच बोलणारे राजे समुद्र ओलांडून इंग्लंडात राज्य करायला गेले, तेव्हा त्यांच्या दरबारी माणसांबरोबर आम्हीही गेलो आणि तिथे मला आजचे रूप मिळाले. कर्जाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो माझा चुलतभाऊ. बंदरावर उतरणाऱ्या मालावर बसणारा करही माझ्याच नावाने ओळखतात, त्यात माझा दोष नाही. तुम्ही एवढेच लक्षात ठेवा की माझ्या पोटात पहिल्यापासून दोन माणसे आहेत, एक ज्याच्याकडून आले तो आणि एक ज्याच्याजवळ आहे तो. एकट्याच माणसाची ड्यूटी, ही कल्पना माझ्या आजोळी कुणाला सुचली नव्हती.

हिंदुस्थानात मला इंग्रजांनी आणले. नाशिकला मी बहुधा देवळालीच्या छावणीतून आले, मग पोलीस, रेल्वे आणि दवाखाने करीत घराघरांत शिरले. इंग्रजीत मला बाईही म्हणत नसत आणि बुवाही. मराठीत आले आणि लोकांनी आल्या आल्या मला बाई करून टाकले. 'माझी ड्यूटी', 'तुझी ड्यूटी', 'ड्यूटी लागली'. कामाचा रगाडा दिसला की त्याला बाई करायचे, ही इकडची जुनी खोड असावी. इथे 'कर्तव्य' आधीपासून होते. पण ते मोठे मानकरी, हार घालून व्यासपीठावर बसणारे. पहाटे डबा भरून बस पकडायला ते कधी आले नाही. ते सगळे माझ्या गळ्यात पडले.

नाशिकलाच सातपूरच्या कारखान्यांत माझी भिमाजींशी गाठ पडली. सिन्नरकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस एका कारखान्याच्या भट्टीखात्यात कामाला लागला. लोखंडाचे सुटे भाग लालभडक तापवायचे आणि मग तेलात बुडवून कडक करायचे, असे त्या खात्याचे काम. ही भट्टी एकदा पेटली की विझवत नसत. माणसे बदलायची, भट्टी चालूच. म्हणून पाळी संपली तरी जागेवरून हलायचे नाही, पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत थांबायचे, असा तिथला कायदा होता. त्या येणाऱ्या माणसाला सगळे रिलीव्हर म्हणत.

भट्टीच्या दाराची मूठ चटका देई. ती धरायला गोणपाट आणि जुनी चादर शिवून केलेले एक जाड फडके असे. ज्याच्या हातात फडके, त्याची भट्टी. पाळी बदलताना जाणारा माणूस ते फडके येणाऱ्याच्या हातात देई. खुंटीला अडकवून जाणे किंवा बाकावर टाकून जाणे म्हणजे मोठा गुन्हा. येणारा फडके घेई आणि म्हणे, "मी हाय. तू सूट." मगच जाणारा मोकळा व्हायचा. पुढे हातमोजे आले, आकडे दाखवणारी यंत्रे आली, अंगठा लावून हजेरी आली. तरी भट्टीखात्यात फडके हातात देण्याची रीत राहिली. मला ती फार आवडायची. माझ्या आजोबांचा अर्थ त्या तेलकट फडक्यात जसाच्या तसा होता.

भिमाजींनी फडके कधी खाली ठेवले नाही. पहिला मुलगा झाला, त्याच्या बारशाच्या दिवशी त्यांचा रिलीव्हर कोंडाजी आलाच नाही. सिन्नरच्या रस्त्यावर त्याची जीप बंद पडली होती. इकडे घरी पाहुणे जमले, पाळणा सजला, आणि बाप भट्टीच्या दाराशी घाम पुसत उभा. शेवटी त्यांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, वाट पाहून पोराचे नाव ठेवले, धम्मपाल. पुढे कारखान्याच्या फाटकाशी सगळ्यांना जमवून भरलेल्या गेट मीटिंगमध्ये भिमाजींना शाल मिळाली. "ड्यूटी म्हणजे कशी, तर भिमाजीसारखी!" असे साहेब बोलले आणि टाळ्या पडल्या. माझ्या नावाने वाजलेल्या त्या टाळ्या मला अजून आठवतात. तेव्हा मी दमलेली नव्हते.

शाल घेऊन भिमाजी घरी आले. चांगुणाबाईंच्या कडेवर रडणारे पोर होते आणि चुलीवर भाकरी करपत होती. त्यांनी शालीकडे पाहिले आणि हसत म्हणाल्या, "तुमच्या भट्टीला रिलीव्हर तरी हाय. मला कोण हाय हो?"

भिमाजीही हसले. गोष्ट तिथेच राहिली. चांगुणाबाई पुढे आयुष्यभर विनारिलीव्हर राबल्या आणि एक दिवस तशाच गेल्या. त्यांच्या कामाला कुणी माझे नाव दिले नाही. घरातले ते 'घरकाम', कारखान्यातली ती 'ड्यूटी'. माझ्या दमण्याची सुरुवात इथूनच झाली असे मला वाटते.

भिमाजी निवृत्त झाले आणि त्याच भट्टीवर धम्मपाल लागला. गुण बापाचे. फडके हातात आल्याशिवाय येत नाही आणि दिल्याशिवाय जात नाही. मग भिमाजींना लकवा झाला. उजवे अंग गेले, जीभ जड झाली, तोंडातून लाळ गळू लागली. डोके मात्र शाबूत. सातपूरच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत, बुद्धांच्या तसबिरीखालच्या खाटेवर ते पडून राहिले, आणि त्यांचे सगळे धम्मपालच्या बायकोवर, पायलवर, आले. कूस बदलायची, अंग पुसायचे, गोळी कुस्करून केळ्यात घालायची, पेज भरवायची. चांगुणाबाईंचे एक जुने मऊ लुगडे फाडून पायलने त्याची फडकी केली होती. त्यातले एक कायम तिच्या खांद्यावर. भिमाजींचे तोंड पुसायला ते पदरापेक्षा जास्त लागायचे.

आता माझी खरी परवड सांगते. धम्मपाल मला घरी ढालीसारखे वापरू लागला. भाजी आणायला सांगितले तर ड्यूटी आहे. बाबांना दवाखान्यात न्यायचे तर ड्यूटी आहे. कधी ती खरोखर असायची. कधी पाळी सुटल्यावर तो मित्रांबरोबर टपरीवर उभा असायचा, आणि घरी फोनवर तेच सांगायचा. खोट्या तोंडात बसायला कुणाला आवडते? पण शब्दाला उठून जाता येत नाही. तो काही वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. घरातल्या त्या वासाला आणि बापाच्या लुळ्या हाताला तो घाबरत होता. माझ्या आडोशाला उभे राहिले की त्याला बरे वाटायचे.

पायलची आई चिमणाबाई वणीजवळच्या एका वस्तीवर एकटी राहते. पायल तिची एकुलती एक. चिमणाबाईंचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. वणीला ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण पायलला निघता आले नाही म्हणून ती चुकली. सोबतीला माणूस असल्याशिवाय म्हातारी टेबलावर झोपायला तयार नव्हती. आता गुरुवारची तारीख होती. ही घालवू नका, उशीर झाला तर या डोळ्याचाही भरवसा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणजे पायल गेली तर आईला दिसणार आणि न गेली तर बहुतेक अंधार, इतकी ती सरळ गोष्ट होती.

"अहो, गुरुवार-शुक्रवार दोन दिवस रजा टाका ना," पायल म्हणाली. "मी सकाळी जाईन, आईला घरी सोडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत."

"गुरुवारी? छे, ड्यूटी आहे."

"साहेबांना विचारून तर बघा."

"विचारलं मी. नाही म्हणतात."

त्याने विचारलेच नव्हते. मला ठाऊक होते, मी त्याच्याच तोंडात होते.

पायलने पुन्हा विचारले नाही. ती भांडली असती तर मला बरे वाटले असते. बुधवारी दुपारी धम्मपाल पहिल्या पाळीहून घरी आला आणि मोरीत हातपाय धूत होता. खाटेजवळ उभी राहून पायल आईशी फोनवर बोलत होती. एका हातात पेजेची वाटी, कानाशी खांद्याने दाबलेला मोबाइल.

"आई, नाही जमायचं गं उद्या. नाही, कुणी अडवलं नाही. इथं माझी ड्यूटी आहे. हो, माझी. तू शेजारच्या कुणाला तरी घेऊन जा ना. बरं, नको जाऊ. रडू नको. ठेवते."

त्या घरात बाईच्या तोंडून मी पहिल्यांदा आले होते. पाणी ओतता ओतता धम्मपाल थांबला, मग पुन्हा ओतू लागला. भिमाजींनी मात्र डोळे उघडले आणि पायलकडे बघत राहिले.

पायलने डोळे पुसले आणि त्यांना पेज भरवू लागली. पेज गालावरून ओघळली तशी तिने खांद्यावरचे फडके काढून पुसायला हात पुढे केला. भिमाजींनी डाव्या, चांगल्या हाताने ते फडके गच्च पकडले.

"सोडा बाबा, पुसू द्या."

ते सोडेनात.

"दुपारच्याला चहा नाही दिला म्हणून रुसलात का? करते ना. आधी सोडा."

त्यांनी फडके ओढून स्वतःच्या छातीवर घेतले आणि मुठीत धरून ठेवले. पायलने ते दोनदा ओढले. मग तिचा धीर सुटला. ती खाटेच्या पायाशी खालीच बसली आणि वाटी बाजूला सारून रडू लागली. "आता तुम्ही पण, बाबा? तुम्ही पण छळायचं ठरवलं का मला?"

मी त्या वेळी कुणाच्याच तोंडात नव्हते. तरी भिमाजींच्या जड जिभेच्या टोकाशी मी येऊन बसले होते. त्यांना बोलता आले असते तर किती बरे झाले असते, असे मला वाटले.

रडणे ऐकून धम्मपाल ओल्या हातांनीच बाहेर आला. "काय झालं? बाबा, द्या ते तिला."

भिमाजींनी मान हलवली. नाही. मग त्यांनी तो डावा हात हळूहळू उचलला आणि फडके धम्मपालपुढे धरले.

"घे," ते म्हणाले. तेवढे एकच अक्षर त्यांना नीट म्हणता येत असे.

धम्मपालने सहज हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. भट्टीखात्यातल्या माणसाला फडके पुढे आले की काय ते सांगावे लागत नाही. घेतले की भट्टी आपली. मग डोके दुखते, बस चुकली, बाहेर मित्र थांबलेत, यातले काही चालत नाही. समोरच्या हातात फडके आहे आणि तो पाळी संपून उभा आहे, हे दिसत असताना पाठ फिरवणारा माणूस त्या खात्यात पुन्हा मान वर करून फिरू शकत नाही. धम्मपालने स्वतःच एकदा एका नव्या कामगाराला त्यावरून सगळ्यांदेखत झापले होते. आता त्याचा बाप फडके धरून होता. हात खाली यायला लागला होता, पण मूठ सुटत नव्हती. धम्मपालने पायलकडे पाहिले. किती दिवसांनी नीट पाहिले असेल कोण जाणे. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते आणि खांद्याला, जिथे फडके असायचे तिथे, ब्लाउजचा रंग उडाला होता.

"बाबा, मला नाही जमत हे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला भीती वाटते तुम्हाला धरायची."

"घे," भिमाजी पुन्हा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मला वाटते, ते पाणी एका जुन्या शालीच्या दिवसाचे होते.

धम्मपालने फडके घेतले. मग पायलसमोर उकिडवा बसला आणि भट्टीखात्यात म्हणतात तसेच, तिथल्याच बोलीत म्हणाला, "मी हाय. तू सूट."

"म्हणजे?" पायलला काही कळेना.

"म्हणजे आईला फोन लाव. सकाळच्या पहिल्या वणीच्या गाडीनं जा."

"आणि तुमची ड्यूटी?"

त्याने मोबाइल काढला आणि तिच्यासमोरच साहेबांना फोन केला. "साहेब, उद्या-परवा येत नाही. घरी ड्यूटी आहे."

पलीकडून साहेब हसल्याचे ऐकू आले. "घरी कसली रे ड्यूटी?"

"रिलीव्हर लागलोय, साहेब. फडकं घेतलंय हातात."

साहेब जुना माणूस होता. त्याचे हसणे थांबले आणि तो "बरं, बरं" म्हणाला. तेव्हा पायलला कळले की आधी कुणी विचारलेच नव्हते. तिने नवऱ्याकडे रोखून पाहिले. त्याने मान खाली घातली. ते मागाहून कधीतरी निघायचे ते निघेल. मग तिने त्याला सगळे समजावून दिले. कूस कशी वळवायची, गोळी कशात घालायची, उशी कुठे खोचायची. ते संपेचना. ऐकता ऐकता धम्मपालचा चेहरा उतरत गेला. भट्टीवर एवढे नसते, असे तो पुटपुटला.

गुरुवारी चिमणाबाईंचे ऑपरेशन झाले. शुक्रवारी सकाळी पट्टी काढली तेव्हा त्यांना आधी लेकीचा चेहरा दिसला, आणि म्हातारी पहिलेच वाक्य बोलली ते "किती वाळलीस गं!" हे. पायलने मला ते सांगितले नाही. घरी आल्यावर धम्मपालला सांगताना ऐकले.

ती शुक्रवारी संध्याकाळी आली. दारातूनच पाहिले, तर घराची रया गेली होती. पेज लागल्याचा वास, मोरीत चादरींचा ढीग, केळ्याची साल टीव्हीवर. धम्मपाल खाटेला टेकून जमिनीवर बसला होता. दोन दिवसांची दाढी, खांद्यावर चांगुणाबाईंच्या लुगड्याचे फडके, आणि त्याचा हात बापाच्या लुळ्या हातावर. भीती पुरती गेली नव्हती, पण हात जागेवर होता.

पायलने चप्पल काढली, पिशवी ठेवली आणि सवयीने फडक्याला हात घातला.

धम्मपालने ते धरून ठेवले. "आधी बस. चहा ठेवतो. पाळी संपायची आहे माझी."

भिमाजींच्या वाकड्या तोंडावर हसू आले आणि लाळ गळली. ती धम्मपालनेच पुसली.

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. आता त्या घरात शनिवारची दुपार आणि आठवड्याची सुट्टी धम्मपालची असते. रोज काही तो राजा हरिश्चंद्र झालेला नाही, अजूनही कधीकधी टपरीवर उभा राहून मला पुढे करतो. मग घरी आला की भिमाजी नुसते त्याच्या रिकाम्या खांद्याकडे बघतात.

मला तुम्ही खुशाल वापरा. मी त्यासाठीच आहे. शाळेत मॉनिटरची ड्यूटी लागेल, मोठे झाल्यावर कुठेतरी पाळीवर जाल, तेव्हा मी तुमच्याबरोबर येईन. फक्त मला ढाल करू नका. आणि 'मला ड्यूटी आहे' असे म्हणण्याआधी एकदा घरात नजर फिरवा. कुणाच्या तरी खांद्यावर कधीपासूनचे एक फडके असेल, आणि ते माणूस मागणार नाही. मागायची सवयच त्याला नसते. तुम्हीच हात पुढे करा.

आणि जमले तर एक दिवस, सगळे घरी असाल तेव्हा, जेवायला बसताना मला तोंडात घेऊ नका. रोममधून निघाले, फ्रान्स पाहिला, समुद्र ओलांडले, आणि सातपूरच्या भट्टीशी उभी राहिले. इतक्या वर्षांत मला कुणी म्हटले नाही, ते तुम्ही म्हणा. म्हणा, "आम्ही आहोत. तू सूट."